‘द ब्लॅक स्वॅन’ ऐकताना : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी स्कॉटिश गिटारवादक आणि गायक बर्ट जान्शच्या ‘द ब्लॅक स्वॅन’ या अल्बमबद्दल लिहिलं होतं. हा अल्बम २००६ साली आला, तेव्हा जान्श बासष्ट वर्षांचा होता आणि पुढे हाच त्याचा शेवटचा स्टुडिओ अल्बम ठरला. लेखावर नेहमीपेक्षा जास्त पत्रं आली. त्यातली बरीच गिटार कधी हातातही न धरलेल्या वाचकांची होती, याचा मला मनापासून आनंद झाला. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचे आहेत.

‘जान्शचं नाव मी तुमच्या लेखातच पहिल्यांदा वाचलं. एखाद्या कलाकाराला त्याच्या शेवटच्या अल्बमपासून ऐकायला सुरुवात केली तर चालेल का? आधीचं काही ठाऊक नसताना महत्त्वाचं निसटून जाईल अशी धास्ती वाटते.’

खुशाल सुरुवात करा. ‘द ब्लॅक स्वॅन’ दोनदा ऐका, त्याआधी काहीही वाचू नका. मग थेट १९६५ सालच्या ‘बर्ट जान्श’ याच नावाच्या पहिल्या अल्बमकडे जा. मधलं सगळं नंतर ऐकलंत तरी चालेल. दोन टोकं आधी कानात बसली की मधला रस्ता समजायला सोपा जातो, असा माझा माझ्या विद्यार्थ्यांबाबतचा अनुभव आहे.

ओळखीपुरतं सांगते. जान्शचा जन्म १९४३ साली ग्लासगोत झाला आणि तो वाढला एडिनबरात. तिथल्या ‘द हाउफ’ नावाच्या फोक, म्हणजे लोकसंगीताच्या, क्लबमध्ये तो गिटार शिकला. जिल डॉइल आणि आर्ची फिशर हे त्याचे शिक्षक. थोड्याच काळात त्यांच्याकडचं सगळं त्याने उचललं. जिल ही डेव्ही ग्रॅहम या थोर गिटारवादकाची सावत्र बहीण, त्यामुळे ग्रॅहमची ‘अँजी’ ही रचना जान्शपर्यंत लवकर पोचली. मग रस्त्यावर अंगठा दाखवत, मिळेल त्या गाडीने हिंडणं आणि शेवटी लंडन.

पहिला अल्बम कुठल्याही स्टुडिओत झालेला नाही. बिल लीडर या ध्वनिमुद्रकाने तो लंडनमधल्या कॅम्डन भागातल्या आपल्या घरात टेपवर उतरवला. जान्शकडे तेव्हा स्वतःची गिटारही नव्हती, सगळा अल्बम त्याने उसन्या गिटारवर वाजवला. ‘ट्रान्सअटलांटिक’ कंपनीने ती टेप शंभर पौंडांना विकत घेतली. त्यात ‘नीडल ऑफ डेथ’ हे हेरॉइनने गेलेल्या एका मित्रावरचं गाणं आहे. एकवीस वर्षांचा मुलगा इतकं शांतपणे मृत्यूबद्दल गातो, हे ऐकताना आजही घसा दाटून येतो.

‘बासष्टाव्या वर्षी बोटं पूर्वीसारखी चालत नसणारच. साठच्या दशकातल्या रेकॉर्डशी तुलना केली तर या अल्बममध्ये मला स्वर कमी वाटले. हा उतारच नाही का? मग समीक्षक तसं स्पष्ट का म्हणत नाहीत, की आदरापोटी गप्प बसतात?’

बोटं पूर्वीसारखी चालत नव्हती, हे मी स्पष्ट म्हणते. विशीतल्या जान्शचं एक खास हत्यार होतं. उजव्या हाताने तार एकदाच छेडायची आणि पुढचे दोन-तीन स्वर डाव्या हाताच्या बोटांनीच काढायचे, कधी तारेवर बोट आपटून, कधी तार ओढून सोडून. १९६६ सालच्या ‘जॅक ओरायन’वर हे इतक्या जोराने येतं की तार फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीवर, आदळल्याचा खटकाही ऐकू येतो. तो जोर २००६ साली नाही. ज्याला त्या जोराचंच वेड आहे त्याने ‘जॅक ओरायन’ लावावा, त्यात काही चूक नाही.

पण उतार आहे की नाही हे ठरवायचं असेल तर एकच गाणं वेगवेगळ्या वयांत ऐकायला हवं, आणि ती सोय जान्शने स्वतःच करून ठेवली आहे. ‘द ब्लॅक स्वॅन’वरचं ‘अ वुमन लाइक यू’ हे गाणं त्याने त्याआधीही ध्वनिमुद्रित केलं होतं. २९ जून १९६८ रोजी त्याच्या ‘पेन्टँगल’ या बँडची लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मैफल झाली. ती ‘स्वीट चाइल्ड’ या दुहेरी अल्बमवर आहे आणि तिथे हे गाणं आहे. मग १९६९ च्या ‘बर्थडे ब्ल्यूज’वर तेच गाणं पुन्हा. आणि मग थेट २००६. तिन्ही ओळीने ऐका. मी हे विद्यार्थ्यांना दरवर्षी ऐकवते आणि मुद्दाम आधी काही सांगत नाही.

१९६८ च्या मैफलीत जान्श चोवीस वर्षांचा आहे. गिटार आवाजाच्या पुढे धावते. ओळ गाऊन झाली की पुढची ओळ येईपर्यंतची जागा तो भरून टाकतो, एकही फट मोकळी ठेवत नाही. ऐकणाऱ्याला दम लागतो आणि त्या वयात, त्या सभागृहात तेच योग्य होतं. २००६ साली ओळ संपते आणि जागा तशीच राहते. तिथे अंगठा आहे, ठेका आहे, पण वरच्या तारांवर गडबड नाही. आता गंमत बघा. मोकळी जागा सोडल्यामुळे आधी गायलेली ओळ कानात टिकते. १९६८ च्या रूपात ते शब्द मला नीट कळायला कितीतरी वेळा ऐकावं लागलं होतं. २००६ चं रूप मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच गाण्यातला माणूस काय मागतो आहे ते पोचलं.

तेव्हा तुमचं निरीक्षण बरोबर आहे, स्वर कमी आहेत. मी त्याला उतार म्हणत नाही, कारण त्या जागी काहीतरी आलेलं आहे.

आणि या सगळ्यात अंगठ्याकडे लक्ष द्या. बोटांनी वाजवायच्या गिटारमध्ये उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तीन जाड तारा सांभाळतो, उरलेली बोटं वरच्या तारांवर सुरावट काढतात. अमेरिकेतल्या अनेक वादकांचा अंगठा ठरलेल्या दोन तारांमध्ये घड्याळासारखा आलटून-पालटून फिरतो. जान्शचा तसा नाही. तो लहानपणी बिग बिल ब्रून्झी या ब्ल्यूज गायकाच्या रेकॉर्डच्या प्रेमात होता, आणि ब्रून्झीचा अंगठा एकाच तारेवर ठाम ठोके देत राहतो. जान्शने तो ठामपणा घेतला आणि वर स्वतःचं स्वातंत्र्य ठेवलं. गाताना एखादा शब्द लांबला तर त्या ओळीत तो एखादी मात्रा सहज वाढवतो, घाई झाली तर एखादी गाळतो. जात्यावर ओवी म्हणताना ओळ लांबते-आखूडते पण खुंट्यावरचा हात फिरत राहतो, तसं हे आहे. पेन्टँगलमध्ये बासवर डॅनी थॉम्पसन आणि ड्रमवर टेरी कॉक्स यांच्यासारखे जॅझमध्ये मुरलेले साथीदार होते म्हणून ते निभावलं. साध्या ड्रमरची तारांबळ उडाली असती.

हा अंगठा २००६ सालीही तितकाच पक्का आहे. बोटांची चपळाई गेली, लय गेली नाही. माझ्या मते ‘द ब्लॅक स्वॅन’ची सगळी थोरवी इथे आहे. म्हातारपणी काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं हे त्याला नेमकं कळलं होतं.

एका ठिकाणी मात्र मला उणीव जाणवते, तीही सांगते. ‘मॅग्डालिनाज डान्स’ ही निव्वळ वाद्यांवरची रचना आहे. तिथे आवाज नाही, शब्द नाहीत, म्हणजे मोकळ्या जागेला अर्थ देणारं काही नाही. तिथे मला १९७९ च्या ‘अव्होसेट’ची आठवण येते. सगळ्या रचनांना पक्ष्यांची नावं असलेला तो वाद्यसंगीताचा अल्बम म्हणजे जान्शच्या हाताचं शिखर आहे, आणि त्यापुढे ही रचना फिकी पडते.

‘या अल्बमवर तरुण अमेरिकन कलाकारांची बरीच नावं दिसतात. जुन्या कलाकाराला नव्या पिढीत खपवण्यासाठी रेकॉर्ड कंपन्या असं करतात ना?’

करतात, आणि असे अल्बम लगेच ओळखू येतात. म्हातारा कलाकार एका कोपऱ्यात असतो आणि प्रत्येक गाण्यात एक नवा पाहुणा त्याचंच जुनं गाणं गाऊन जातो. इथे तसं झालेलं नाही.

निर्माता नोआ जॉर्जसन. त्याने त्याआधी जोआना न्यूसमचा ‘द मिल्क-आइड मेंडर’ आणि डेव्हेंड्रा बॅनहार्टचा ‘क्रिपल क्रो’ केला होता. म्हणजे साध्या वाद्यांचा, खोलीत बसून वाजवल्यासारखा ध्वनी त्याच्या अंगवळणी पडलेला होता. चेलोवर हेलेना एस्पवाल, ड्रमवर ऑटो हाउसर, गिटारला जोड द्यायला केव्हिन बार्कर. ही मंडळी जान्शच्या साठच्या दशकातल्या रेकॉर्ड ऐकत मोठी झाली होती. अमेरिकेत अल्बम शिकागोच्या ‘ड्रॅग सिटी’ने काढला, आणि तीही अशाच तरुण श्रोत्यांची कंपनी. तेव्हा नव्या पिढीकडे जायचा हेतू होता हे मान्य. पण ती पिढी आधीच त्याच्या दारात उभी होती. आधीच्या ‘क्रिम्सन मून’वर, २००० साली, जॉनी मार आणि बर्नार्ड बटलर हे इंग्लंडमधले नावाजलेले गिटारवादक त्याच्यासोबत वाजवून गेले होते, तेव्हा ही काही अचानक सुचलेली युक्ती नाही.

आता गाण्यांकडे येऊ. इंग्लिश गायिका बेथ ऑर्टन तीन गाण्यांत आहे. ‘व्हेन द सन कम्स अप’, ‘वॉच द स्टार्स’ आणि ‘केटी क्रुएल’. यातल्या शेवटच्या गाण्यात बॅनहार्टही गातो. त्याचा थरथरता आवाज मला या पारंपरिक अमेरिकन गाण्याला थोडा जड होतो. ते गाणं मुळात इतकं दुखरं आहे की आवाजाने वेगळी कंपनं द्यायची गरज नाही. ‘वॉच द स्टार्स’ मात्र माझ्या दृष्टीने या अल्बमचा गाभा आहे. हेही पेन्टँगलने १९६८ च्या त्याच मैफलीत गायलेलं गाणं. म्हणजे एका संध्याकाळची दोन गाणी जान्शने जवळजवळ चार दशकांनी पुन्हा हातात घेतली, एक स्वतः गायला आणि दुसरं एका तरुण बाईकडे दिलं.

ती गात असताना तो काय करतो ते ऐका. तो साथ करतो. अगदी साधी, मागे बसून केलेली साथ. जान्शच्या गिटारचा जन्मच साथीतून झाला आहे, हे विसरून चालणार नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅन ब्रिग्ज ही गायिका जुनी इंग्लिश आणि आयरिश गाणी कुठल्याही वाद्याशिवाय गायची. अशा गायनात ताल नसतो, श्वास असतो. जान्शने तिच्याकडून ‘ब्लॅकवॉटरसाइड’ हे गाणं घेतलं आणि त्या श्वासाला गिटार कशी लावायची हे शोधून काढलं. मात्रा वाढवणं-गाळणं, अंगठा चालू ठेवून वरची सुरावट आवाजाच्या मागेमागे नेणं, हे सगळं त्या कामातून आलं. पुढे जगाने त्याला एकल वादक म्हणून डोक्यावर घेतलं तरी त्याच्या हाताची घडण गाणाऱ्या बाईशेजारी बसून झाली होती. ऑर्टनबरोबरच्या गाण्यांत मला तोच हात परत ऐकू येतो, आणि म्हणून मी या पाहुण्यांना पाहुणे म्हणायला तयार नाही.

‘मी सोळा वर्षांची आहे, दोन वर्षं गिटार शिकते आहे. कॉर्ड येतात, पिकने वाजवते. मला जान्शसारखं बोटांनी वाजवायचं आहे. कुठून सुरू करू? इंटरनेटवर सगळे वेगवेगळी ट्यूनिंग सांगतात.’

ट्यूनिंगच्या, म्हणजे तारा कुठल्या स्वरांत जुळवायच्या याच्या, मागे इतक्यात लागू नकोस. डेव्ही ग्रॅहमने लोकप्रिय केलेलं डी-ए-डी-जी-ए-डी हे ट्यूनिंग फार सुंदर आहे, पण त्यात उघड्या ताराही इतक्या गोड वाजतात की हात आळशी होतो. जान्शचं बरंच काम नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये आहे किंवा सहावी, सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवून. तू आधी नेहमीच्या ट्यूनिंगमध्येच राहा.

पहिला महिना फक्त अंगठा. ए मायनर कॉर्ड धर आणि पाचव्या तारेवर अंगठ्याने सारखे ठोके दे. बाकीची बोटं स्वस्थ. मग तोच ठोका चालू ठेवून मोठ्याने बोल, काहीही बोल, आईशी गप्पा मार, पाढे म्हण. बोलताना ठोका हलला की थांबून पुन्हा सुरू कर. हे कंटाळवाणं वाटेल पण इथे वेळ वाचवलास तर पुढे वर्षं जातात. ज्या दिवशी गप्पा मारताना अंगठ्याची आठवणही येणार नाही त्या दिवशी तर्जनीने दुसरी तार अधूनमधून घे, आधी ठोक्यावर, मग दोन ठोक्यांच्या मध्ये. ठोक्यांच्या मधली ही तर्जनी जमली की निम्मा गड सर झाला.

नंतर ‘अँजी’ शिक. ग्रॅहमने ती १९६१ साली ध्वनिमुद्रित केली, जान्शने १९६५ च्या अल्बमवर वाजवली आणि पॉल सायमननेही १९६६ च्या ‘साउंड्स ऑफ सायलेन्स’वर. म्हणजे तीन मोठे वादक एकाच रचनेकडे कसे बघतात ते तुला बाजूबाजूला ऐकायला मिळेल. रचनेचा पाया म्हणजे ए मायनरपासून जी, एफ, ई असा एकेक पायरी उतरणारा खर्ज. तो अंगठ्याने उतरायचा आणि वरची बोटं त्याला उत्तर देतात. जान्श ती जास्त आडदांडपणे वाजवतो, ग्रॅहम जास्त नेटकेपणाने. तुला कोणाचं आवडतं ते मला कळव, उत्तर चुकीचं असू शकत नाही.

आणि गा. आवाज चांगला नाही असं वाटत असेल तरी गा. जान्शचा आवाजही रूढ अर्थाने चांगला नव्हता. कोरडा, थोडा पुटपुटल्यासारखा, कमी चढ-उताराचा. पण गायल्याशिवाय त्याची गिटार समजत नाही, कारण तिच्या सगळ्या वळणांना कारण आवाजाचं आहे.

‘लेड झेपेलिनने जान्शची रचना चोरली असं वाचलं. खरं काय?’

१९६६ च्या ‘जॅक ओरायन’वर जान्शने ‘ब्लॅकवॉटरसाइड’ची गिटार बांधली. १९६९ मध्ये लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या पहिल्या अल्बमवर त्यांचा गिटारवादक जिमी पेजच्या नावाने ‘ब्लॅक माउंटन साइड’ आलं. दोन्ही लागोपाठ ऐकणाऱ्याला पुरावा वेगळा द्यावा लागत नाही. अडचण कायद्याची होती. मूळ चाल पारंपरिक, म्हणजे कोणाच्याच मालकीची नाही, आणि गिटारवर केलेली मांडणी आपलीच आहे हे न्यायालयात सिद्ध करणं तेव्हा अवघड होतं. प्रकरण न्यायालयात गेलं नाही. मला पेजचं वादन आवडतं, पण त्या रेकॉर्डवर जान्शचं नाव असायला हवं होतं असं मी ठामपणे म्हणते. एका माणसाने श्रमाने शोधलेली गोष्ट होती ती.

‘तुम्ही लेखात “दीर्घ शांततेनंतरचं पुनरागमन” हे वाक्य काही समीक्षकांच्या नावे दिलं आणि ते खोडून काढलं. पण जान्श मधल्या काळात खरोखरच विस्मरणात गेला होता ना?’

लोकांच्या विस्मरणात गेला होता, त्याचं काम थांबलं नव्हतं. पेन्टँगल १९७३ मध्ये फुटल्यावर १९७४ साली मायकल नेस्मिथच्या निर्मितीखाली ‘एल. ए. टर्नअराउंड’, मग ‘अव्होसेट’, मग ऐंशीच्या दशकात पेन्टँगलची वेगवेगळी रूपं. या काळात दारूने त्याला पोखरलं, हेही खरं. १९८७ मध्ये तो गंभीर आजारी पडला, स्वादुपिंडाचं दुखणं होतं, आणि दारू सोडली. तिथून हात पुन्हा स्थिरावला.

माझ्या हिशेबाने त्याच्या उत्तरायुष्यातलं पर्व १९९५ च्या ‘व्हेन द सर्कस कम्स टू टाउन’ने सुरू होतं. त्या सुमारास तो लंडनच्या डेन्मार्क स्ट्रीटवरच्या ‘ट्वेल्व्ह बार क्लब’ या छोट्याशा जागेत नियमितपणे वाजवायचा. तिथलं ‘लाइव्ह अ‍ॅट द ट्वेल्व्ह बार’ हे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. मूठभर श्रोत्यांसमोर आठवड्यामागून आठवडे वाजवून त्याने आपला हात पुन्हा घडवला. मग ‘क्रिम्सन मून’, मग २००२ चा ‘एज ऑफ अ ड्रीम’, ज्यावर होप सँडोव्हाल गायली आहे. २००१ मध्ये बीबीसी रेडिओ टूने फोक पुरस्कारांत त्याला जीवनगौरव दिला. ‘द ब्लॅक स्वॅन’ या सलग कामाच्या ओघात आलेला अल्बम आहे. पुनरागमन म्हटलं की मधल्या अकरा वर्षांची मेहनत पुसली जाते, म्हणून मी ते वाक्य खोडलं आणि पुन्हा खोडेन.

‘शेवटचा अल्बम आहे हे समजल्यापासून मला प्रत्येक गाण्यात निरोप ऐकू येतो. असं ऐकणं बरोबर आहे का?’

तुमच्या मनाला आवरा असं मी कसं सांगू? पण जान्शने तो निरोप म्हणून केलेला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान २००९ साली झालं, अल्बमनंतर तीन वर्षांनी. मधल्या काळात, २९ जून २००८ रोजी, पेन्टँगलचे पाचही मूळ सदस्य त्याच रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, त्या १९६८ च्या मैफलीला बरोबर चाळीस वर्षं झाली त्या दिवशी, एकत्र वाजवायला बसले. जॅकी मॅकशी, जॉन रेनबोर्न, डॅनी थॉम्पसन, टेरी कॉक्स आणि जान्श. २००९ चा अमेरिका दौरा आजारामुळे रद्द झाला, पण २०१० मध्ये तो कॅनेडियन गायक-गिटारवादक नील यंगच्या दौऱ्यात त्याच्या आधी एकटा रंगमंचावर बसून वाजवत होता. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हेंड्रिक्सचं जे स्थान, तेच अकूस्टिक गिटारमध्ये जान्शचं, असं यंग उघडपणे मानत आला आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी जान्श लंडनमध्ये गेला, सदुसष्टाव्या वर्षी. त्या वर्षीच्या उन्हाळ्यातही तो लोकांसमोर वाजवत होता.

तेव्हा २००६ साली माइकसमोर बसलेला माणूस पुढच्या कामाचा विचार करणारा होता. तसं ऐकून बघा. ‘माय पॉकेट्स एम्प्टी’सारख्या गाण्यातली मजा निरोपाच्या छायेत ऐकली तर हातातून जाते. आणि ‘द ओल्ड ट्रायँगल’ ऐकताना तर फारच. ब्रेंडन बीअनच्या १९५४ सालच्या ‘द क्वेअर फेलो’ या नाटकातून जगभर पसरलेलं हे डब्लिनच्या तुरुंगातलं गाणं दारूच्या गुत्त्यांत हजारो लोकांनी टाहो फोडून गायलं आहे. जान्श ते जवळजवळ बोलल्यासारखं म्हणतो. कैद्याला उद्या सकाळी पुन्हा तीच घंटा ऐकायची आहे, मग टाहो कशाला, असा त्याचा सूर आहे. ते ऐकायला मन मोकळं लागतं.

‘ब्रिटिश फोकमधल्या आणखी कोणाचे असे उतारवयातले अल्बम सांगाल का?’

दोन सांगते. शर्ली कॉलिन्सचा ‘लोडस्टार’, २०१६ चा. ती मुख्यतः गायिका, पण साठच्या दशकाच्या मध्यात डेव्ही ग्रॅहमबरोबर तिने केलेल्या ‘फोक रूट्स, न्यू रूट्स’मुळे गिटारवाल्यांना ती घरचीच वाटते. तिचा गाता आवाज गेला होता. आधीच्या अल्बमनंतर अडतीस वर्षांनी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी तिने हा अल्बम केला, तोही ल्यूइसमधल्या आपल्या घरात. आवाज खाली उतरला आहे, जाड झाला आहे, आणि जुन्या खुनाच्या, बुडालेल्या जहाजांच्या गाण्यांना तो विलक्षण शोभतो.

दुसरा मायकल चॅपमन. यॉर्कशरचा गिटारवादक, १९६९ च्या ‘रेनमेकर’पासून वाजवत राहिलेला, २०२१ साली गेला. २०१७ साली पन्नास वर्षांच्या वाटचालीनिमित्त ‘५०’ हा अल्बम आला. निर्माता स्टीव्ह गन, पुन्हा एक तरुण अमेरिकन गिटारवादक. चॅपमनने इथे आपली काही जुनी गाणी नव्याने वाजवली आहेत, त्यामुळे ‘अ वुमन लाइक यू’सारखी तुलना तुम्हाला घरी बसून करता येईल. त्याचा अंगठा जान्शपेक्षा जड आहे, विजेवरच्या गिटारीही भरपूर आहेत, आणि आवाज खरखरीत. गिटारसाठी ऐकणार असाल तर आधी चॅपमन घ्या.